बाजारबुणग्यांचं गाव

ग्वाल्हेर स्टेशनाबाहेर उभे राहणारे टेंपोवाले दिवसभर ज्या हाळ्या देतात, त्यांत मराठी फौजेची अर्धीअधिक मांडणी येऊन जाते. "बाडा, बाडा! कंपू, कंपू! हुजरात पुल!" हाळी देणारी मुलं भिंड, मुरैना, दतियाकडची. त्यांच्या घरात कुणी कधी मराठी बोललेलं नाही. पण बाडा म्हणजे आपला वाडा, कंपू म्हणजे कवायती पलटणींचा तळ आणि हुजरात म्हणजे खुद्द धन्याच्या हाताखालचं घोडदळ. ही तिन्ही ठिकाणं शहराच्या ज्या भागात आहेत त्या भागाचं नाव लष्कर. मी या लष्करातच जन्मले, इथेच शिकले, इथेच मुलांना शिकवलं, आणि निवृत्त झाल्यापासून या नावांच्या मागे लागले आहे.

महाराष्ट्रातल्या नातेवाइकांना पत्ता सांगितला की हमखास प्रश्न येतो, "म्हणजे तुम्ही कॅन्टोन्मेंटात राहता का?" पुण्यात कॅम्पाला लष्कर म्हणतात, म्हणून त्यांना तसं वाटतं. पुण्याचं लष्कर इंग्रजांच्या छावणीचं. आमच्याकडे इंग्रजांची छावणी होती ती मुरारला. किल्ल्याच्या पायथ्याशी जुनं ग्वाल्हेर, पूर्वेकडे मुरार आणि दक्षिणेला आमचं लष्कर, अशी ही तीन गावं मिळून आजचं शहर झालेलं आहे. त्यातलं लष्कर शिंद्यांचं.

आणि ग्वाल्हेर? ग्वालिपा नावाच्या साधूने सूरजसेन राजाचं कुष्ठ बरं केलं आणि राजाने किल्ल्याला साधूचं नाव दिलं, ही गोष्ट इथल्या पोरासोरांना पाठ असते. जुन्या शिलालेखांत गोपाद्री, गोपगिरी अशी नावं आहेत. हिंदीत ग्वालियर. 'ग्वाल्हेर' हे रूप मराठीनेच घडवलं. मला वाटतं, बागलाणातले साल्हेर-मुल्हेर ज्यांच्या जिभेवर आधीपासून बसलेले होते त्या माणसांनी उत्तरेतल्या या किल्ल्यालाही त्याच रांगेत नेऊन बसवलं. परक्या मुलखातला किल्ला घरच्या किल्ल्यांसारखा हाक मारता यावा, एवढीच त्यामागची ओढ असेल.

लष्कर हे गाव वसवलं गेलं नाही, ते थांबलं. महादजी शिंद्यांचं बहुतेक आयुष्य तंबूत गेलं. उज्जैन ही राजधानी खरी, पण कारभार जिथे राहुट्या पडतील तिथे. दप्तर, देवघर, मुदपाकखाना, खजिना, सगळं बैलांच्या आणि उंटांच्या पाठीवर. १७९४ मध्ये पुण्याजवळ वानवडीला महादजी वारले आणि दौलतराव गादीवर आले, तरी चाल तीच राहिली. १८०३ च्या इंग्रजांशी झालेल्या युद्धात असईला आणि लासवारीला मोठे पराभव झाले, दिल्ली-आग्र्याचा मुलूख हातचा गेला. ग्वाल्हेरचा किल्ला तेवढा १८०५ च्या तहात परत मिळाला. मग १८१० च्या सुमाराला या किल्ल्याच्या दक्षिणेला तळ पडला, आणि तो पुन्हा उठला नाही. राहुट्यांच्या जागी कुडाच्या भिंती आल्या, कुडाच्या जागी दगडी वाडे आले. फिरत्या फौजेला लोक लष्कर म्हणत होते, थांबलेल्या फौजेलाही लष्करच म्हणत राहिले.

तो तळ आदल्या वर्षापर्यंत कसा चालत होता याचं वर्णन टॉमस ब्राउटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने लिहून ठेवलेलं आहे. तो १८०९ मध्ये दौलतरावांच्या फौजेबरोबर राजपुतान्यात फिरत होता, आणि त्याची पत्रं १८१३ मध्ये लंडनला छापली गेली. त्याचा सूर मला बऱ्याच ठिकाणी खटकतो, पण डोळा त्याचा बारीक होता. तो सांगतो, कूच असेल त्या दिवशी बिनीवाला भल्या पहाटे पुढे निघे. नव्या जागी पोचला की तो एक लहानसं पांढरं निशाण रोवी. महाराजांची देवडी त्या जागी. मग एकेका बाजाराचं निशाण येई आणि आपापल्या ठरलेल्या जागी लागे. दुकानांच्या दोन समोरासमोर रांगा, मधून एक लांबच लांब रस्ता. मुक्काम रोज बदले, बाजारांचा क्रम बदलत नसे. आज इथे उतरलेल्या माणसाला उद्याच्या माळावरही आपला सराफ आणि आपला वाणी कुठे सापडेल हे माहीत असे.

'बिनीचा शिलेदार' हा शब्द आज कुठल्याही सत्कार समारंभात ऐकू येतो. बिनी म्हणजे फौजेची आघाडी. पेशवाईतल्या विसाजी कृष्णांना बिनीवाले हे आडनाव याच कामावरून पडलं. पण बिनीवाला म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे तलवार येते, आणि ब्राउटनच्या पत्रात त्याच्या हातात निशाण आहे. हजारो माणसांनी, जनावरांनी आज रात्री कुठे निजायचं, पाणी कुठून आणायचं, हे ठरवणारा तो माणूस. मला हा बिनीवाला जास्त जवळचा वाटतो.

आता गोठ. चिटणीस की गोठ, निंबाळकर की गोठ, बक्षी की गोठ अशी लष्करातल्या गल्ल्यांची नावं आहेत. बाहेरून आलेला मराठी माणूस पाटी वाचतो आणि म्हणतो, इथे गुरांचे गोठे असणार. हिंदी शेजाऱ्यांनाही तसंच वाटतं. खरं पाहता हा आपला 'गोट', 'शत्रूच्या गोटात'मधला. सरदाराने आपल्या माणसांसह, घोड्यांसह जिथे उतरायचं ती जागा म्हणजे त्याचा गोट. महाराष्ट्रात हा शब्द आता वर्तमानपत्रांपुरता उरला आहे, अमक्या गोटातून कळतं, तमक्या गोटात अस्वस्थता. गोटात राहायला गेलेलं कुणी महाराष्ट्रात सापडणार नाही. आमच्या इथे मात्र लोक गोटात राहतात, गोटात दूध येतं, गोटात वीज जाते, लग्नपत्रिकेवर गोट छापलेला असतो. ट चा ठ झाला आणि पुल्लिंगाचं स्त्रीलिंग झालं, बाकी शब्द जिवंत आहे.

कंपूचंही तसंच, पण तो जास्त दूरवरून आलेला. पोर्तुगिजांचा 'कांपो' मराठीत कंपू झाला. महादजींनी १७८४ मध्ये सव्हॉयच्या डी बॉईनला चाकरीत घेतलं, त्याने कवायती पायदळाच्या पलटणी उभ्या केल्या, आणि अशा पलटणींच्या समूहाला मराठी कागदांत कंपू म्हणू लागले. १७९० मध्ये पाटण आणि मेडता इथल्या लढाया या कंपूंनी जिंकल्या. बंदूक, संगीन, एका तालात पडणारं पाऊल, ठरलेला महिन्याचा पगार, हे सगळं त्या शब्दात होतं. आज मराठीत कंपू म्हणजे चार जणांचं टोळकं, तेही कुजबुजणारं. शब्द इतका का उतरला याचा मी खूप विचार करते. कंपूतले शिपाई पुष्कळसे उत्तर हिंदुस्थानातले, त्यांचा अंमलदार फिरंगी, त्यांची रीत वेगळी, तळही वेगळा. जुन्या घोडेस्वारांना ते आपल्यातले वाटत नसणार. जे आपल्यात मिसळत नाहीत, आपसांतच राहतात, ते कंपू. मराठीतला आजचा अर्थ त्या जुन्या आकसातून आला असावा असं माझं मत आहे. ग्वाल्हेरच्या कंपूला मात्र हा आकस चिकटलेला नाही. इथे कंपू म्हणजे दवाखान्याकडे जायचा रस्ता, आणि थोडं पुढे सिकंदर कंपू.

जिन्सी नाला नंबर एक, नंबर दोन, नंबर तीन. नाल्याला नंबर असलेलं पाहून लोक हसतात. जिन्सी म्हणजे तोफखान्याचा जड सरंजाम. राजपायगा म्हणजे राजाच्या घोड्यांची पागा. खासगी बाजार हा धन्याच्या खाजगीकडला. चावडी बाजार, पाटणकर बाजार, छत्री बाजार यांची नावं स्वतःच बोलतात. शिंदे की छावनी तर विचारायलाच नको.

ढोलीबुवांच्या पुलापाशी मात्र थांबायला हवं. ढोलीबुवा ही आमच्याकडची नाथपंथी कीर्तनकारांची परंपरा. तानसेन समारोहाची सुरुवात आजही सकाळी सनई, ढोलीबुवा महाराजांची हरिकथा आणि मिलाद यांनी होते, आणि माझ्या मते सगळ्या समारोहातला तोच सगळ्यांत ग्वाल्हेरी भाग आहे. त्यांच्या मठाजवळच्या पुलाच्या पाटीवर लिहिलेलं असतं 'ढोली बुआ का पुल'. हिंदीत बुआ म्हणजे आत्या. शाळेत माझ्या वर्गातल्या मुली विचारायच्या, "मॅडम, ये ढोली बुआ कौन थीं?" मी त्यांना बुवा म्हणजे काय ते सांगत असे. गोसावीबुवा, कीर्तनकारबुवा, गवईबुवा. याच शहरातून गाणं शिकून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर महाराष्ट्रात गेले, त्यांच्याकडे विष्णु दिगंबर पलुस्कर शिकले, आणि ग्वाल्हेरची गायकी मुंबई-पुण्याच्या बैठकींत पोचली. मुली ऐकायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा 'ढोली बुआ'च म्हणायच्या. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. पुलावरून रोज जाणाऱ्यांनी नाव आपल्या जिभेला सोसेल तसं करून घेतलं, म्हणून ते टिकलं. शुद्ध लिहिलेलं आणि कुणी न उच्चारलेलं नाव माझ्या काही कामाचं नाही.

म्हणींकडे वळते. आमच्या घरात एक वाक्य हिंदीतच बोललं जायचं, तेही अशा माणसांकडून ज्यांनी उभ्या जन्मात घरात हिंदी येऊ दिली नाही: "बचेंगे तो और भी लडेंगे." परीक्षेत कमी मार्क पडोत, आजारपण येवो, नोकरी जावो, आजोबा हेच म्हणत. दत्ताजी शिंद्यांचे हे शब्द, बुराडी घाटावर जखमी होऊन पडलेले असताना शत्रूकडच्या कुत्बशहाने 'अजून लढाल का?' असं विचारलं त्याला दिलेलं उत्तर. मराठीतलं इतकं मोठं वाक्य हिंदीत आहे, आणि कुठल्याही मराठी माणसाला त्याचं भाषांतर करावंसं वाटलेलं नाही.

ही घटना १० जानेवारी १७६० ची, आणि तो दिवस संक्रांतीचा होता. हे सांगायचं कारण वेगळं आहे. 'संक्रांत कोसळली' हा वाक्प्रचार पानिपतामुळे आला असं सर्रास सांगितलं जातं, कारण पानिपत १४ जानेवारीचं. आपल्या कॅलेंडरात १४ जानेवारी म्हणजे संक्रांत, तेव्हा जोडणी सोपी पडते. पण सूर्याचं मकर राशीत जाणं इंग्रजी तारखेच्या मानाने साधारण ७० वर्षांत एक दिवस पुढे सरकतं. अडीचशे-पावणेतीनशे वर्षांपूर्वी संक्रांत १० जानेवारीच्या आसपास येत होती. पानिपत झालं तेव्हा ती होऊन गेलेली होती. शिवाय पंचांगात संक्रांतीचं वाहन कोणतं, वस्त्र कोणतं, ती कुठून आली आणि कुठे पाहते आहे हे दरवर्षी दिलेलं असतं. ती जे ल्याली ते महाग होणार, जिकडे पाहील तिकडे संकट. संक्रांतीचा धाक पंचांगातूनच घरोघर पोचलेला होता. पानिपतानंतर त्या धाकाला एक चेहरा मिळाला एवढंच मी मान्य करीन. पानिपताने दिलेले वाक्प्रचार दुसरे आहेत. 'विश्वास पानिपतात गेला' हा त्यांतला. तो लिहितानाही हात जड होतो.

आमच्याकडे संक्रांतीला तिळगुळाबरोबर गजक असते. मुरैन्याची गजक, तिला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. गुळाचा पाक खुंटीला अडकवून ओढ ओढ ओढायचा, तो फिकट सोनेरी झाला की भाजलेल्या तिळांत घालून लाकडी मोगऱ्यांनी कुटायचा. थंडी पडली की त्या कुटण्याचा आवाज बाजारातून येऊ लागतो. गजक हा शब्द फारसी, मद्याबरोबर तोंडी लावायच्या पदार्थाला तिकडे 'गझक' म्हणत. तो शब्द कुठून कुठे आला पाहा: हळदीकुंकवाला आलेल्या सुवासिनीच्या हातावर गजकेचा तुकडा ठेवून आम्ही 'गोड बोला' म्हणतो. माझ्या आईला हे कळलं असतं तर तिने गजक बंद केली असती की नाही, सांगता येत नाही. बहुधा नसती केली. ग्वाल्हेरच्या थंडीत गजकेला पर्याय नाही.

पोह्यांचं थोडक्यात सांगते. संस्कृतातल्या पृथुकांचे मराठीत पोहे झाले. हिंदी मुलखाचा जुना शब्द चूडा किंवा चिवडा. आज मध्य प्रदेशात सकाळी नाक्यानाक्यावर 'पोहा' मिळतो, आणि तो शब्द मराठीकडून गेलेला आहे.

आता ज्या म्हणीसाठी हे सगळं लिहायला बसले तिच्याकडे येते. लष्करच्या भाकऱ्या भाजणे. ज्यातून आपल्याला फुटकी कवडी मिळायची नाही अशी दुसऱ्याची उठाठेव करणे. शाळेत असताना वाक्प्रचारांच्या यादीत ही ओळ आली तेव्हा घरी येऊन मी आजीला अर्थ सांगितला. ती तव्यासमोर बसली होती. म्हणाली, "असं कसं गं? भाकऱ्या भाजल्या म्हणून तर लष्कर चाललं." मग तिने आमच्या मूळ पुरुषाची गोष्ट सांगितली. तो वाईकडचा, आणि शिंद्यांच्या मुदपाकखान्यात पाणक्या होता. आजोबांना ही गोष्ट चारचौघांत निघालेली खपत नसे. ते 'आमचे पूर्वज महादजींच्या फौजेत होते' एवढ्यावर थांबत. ऐकणाऱ्याने पुढे तलवार कल्पायची.

फौजेबरोबर न लढणारी जी माणसं असत त्यांना बुणगे म्हणत. पाणके, पखालजी, मशालजी, फरास, भोई, गवत कापणारे, नाल ठोकणारे, वाणी, शिंपी, दळण दळणाऱ्या बायका, बाजारी. हे सगळे बाजारबुणगे. आज तो शब्द मराठी पुढाऱ्यांच्या तोंडी शिवी म्हणून असतो. कुणाला कस्पटासमान लेखायचं असलं की बाजारबुणगा म्हणायचं. पानिपताचं खापरही कितीदा बुणग्यांवर फुटलेलं आहे. यात्रेकरू, बायकामुलं, बाजारी लोक यांचं ओझं नसतं तर भाऊसाहेब मोकळे लढले असते, असं लिहिणारे आहेत. ओझं होतं हे मी नाकारत नाही. पण घोडा दाण्यावाचून चालत नाही, तोफ बैलांवाचून हलत नाही, आणि शिपायाला रात्री भाकरी लागते. लमाणांचे तांडे बैलांवर धान्य लादून फौजेमागे येत, ते धान्य कुणीतरी जात्यावर दळे, कुणीतरी थापे. दुसऱ्या दिवशीही खाता येईल, रुमालात कांद्याबरोबर बांधून खोगिराला लटकवता येईल असं अन्न भाकरीशिवाय दुसरं कोणतं? मराठी घोडेस्वाराच्या वेगाची तारीफ करणाऱ्यांनी त्या रुमालाचीही करावी.

म्हण कुठून आली ते उघड आहे. तळ पडला की आसपासच्या गावांतल्या बायकांवर भाकऱ्यांची वेठ येई. पीठ घरचं, सरपण घरचं, हात घरचे, आणि सकाळी फौज निघून गेली की कुणाकडे मागायचं? तो कडवटपणा खरा आहे, आणि तो त्या बायकांचा आहे. मला त्रास होतो तो म्हणीच्या पुढच्या प्रवासाचा. बायांची तक्रार होती की आम्हाला राबवलं आणि मोबदला दिला नाही. आज म्हण वापरणारा म्हणतो, कशाला राबतेस, मूर्ख आहेस. राबवणारा म्हणीतून निसटला आणि राबणारीच हास्यास्पद ठरली.

बुणग्यांचं मोल कुणाला कळलं असेल तर ते महादजींना. पानिपतावर पायाला जबर जखम होऊन ते पडले होते. राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना पाहिलं, पखालीच्या बैलावर घातलं आणि दक्षिणेकडे आणून पोचवलं. महादजी त्या पायाने जन्मभर लंगडत राहिले, आणि राणेखानाला जन्मभर भाऊ म्हणत राहिले. पुढे तो त्यांच्या सर्वांत मोठ्या सरदारांपैकी एक झाला, फौजा घेऊन उत्तरेत लढला. कागदपत्रांत त्याचं नाव येतं ते राणेखानभाई असं. दरबारात एकाहून एक भारी किताब वाटले जात होते, खुद्द महादजींना बादशहाकडून वकील-इ-मुतलक, म्हणजे सगळ्या कारभाराचा मुखत्यार, केलं गेलं, आणि तरी ते स्वतःला पाटील म्हणवून घेत. त्या सगळ्या किताबांत 'भाई' हा मला सगळ्यांत मोठा वाटतो. तो सनदेवर मिळालेला नाही.

म्हणून लष्करातल्या नावांची यादी करताना मनात एक सल राहतो. चिटणिसांची गोठ झाली, पाटणकरांचा बाजार झाला. बरोबरच आहे, त्यांचे वाडे होते, निशाणं होती. पण ज्या पाणक्याने विहिरीवरून कावडी वाहिल्या, ज्या फरासाने कनाती ठोकल्या, त्यांच्या नावाची गल्ली नकाशावर नाही. त्यांच्या जागा लोकांच्या तोंडी होत्या, 'अमक्यांच्या मागे', 'तमक्या विहिरीपाशी' अशा, आणि विहिरी बुजल्या तशा त्या खुणाही चालल्या. जुने वाडे पडून तिथे मार्केट उभं राहतं, मार्केटला नवीन नाव मिळतं, आणि दहाबारा वर्षांत रिक्षावाला तेच ओळखू लागतो. सरदारांची नावं त्यातून तगतील, कारण ती महसुलाच्या कागदांत आहेत. बाकीच्यांची फक्त माणसांच्या आठवणीत आहेत, आणि ती माणसं आता माझ्याहूनही म्हातारी.

गेला काही काळ मी अशा घरांत जाऊन बसते. बरोबर वही असते. सुरुवातीला लोक सरदारांच्याच गोष्टी सांगतात, त्यांना वाटतं बाईंना त्याच हव्या आहेत. मी विचारते, तुमच्या घरी काय काम होतं? मग थोडं थांबून सांगतात. एका घरी आजोळ मशालजींचं निघालं. एका घरी पालखीचे भोई. आणि छत्री बाजाराच्या मागे एका मुसलमान कुटुंबात गेले होते, त्यांच्या घरची सांगी अशी की पूर्वज दख्खनमधून पखाल घेऊन फौजेबरोबर आले. घरात मराठीचं एक वाक्य कुणाला येत नाही. आजीबाईंशी हिंदीत बोलत होते, तेवढ्यात त्यांनी सुनेला हाक मारली, "पोलपाट उठा ले, और वो उलथना भी." शेजारीपाजारी सगळे चकला आणि पलटा म्हणतात. मी विचारलं, हे शब्द कुठून शिकलात? त्या हिंदीतच म्हणाल्या, शिकायचे कसले, आमच्या सासूबाई असंच म्हणत. बाजरीच्या जाड रोटीला या भागात टिक्कड म्हणतात. त्यांच्या घरी ती भाकर आहे.

मी वहीत तिन्ही शब्द लिहून घेतले, खाली घर, गल्ली आणि त्यांच्या सासूबाई कुठल्या ते लिहिलं. त्यांनी जिन्सी नाल्याकडचं आणखी एक घर सांगितलं आहे, तिथले लोक फरासांपैकी, आणि तिथल्या आजी नव्वदीच्या पुढे आहेत. त्यांच्याकडे लवकर जायला हवं.